खाणीचा पंखा घेण्याआधी खाण विचारा

घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात चौकशी येते ती बहुधा एका ओळीची: 'अ‍ॅक्शियल फॅन, १३२ किलोवॅट, दर कळवा.' अ‍ॅक्शियल म्हणजे हवा आसाच्या दिशेने सरळ ढकलणारा पंखा. मी दर कळवत नाही, फोन लावते. सगळ्यांत मोठ्या पाळीत माणसं किती, रोजचा कोळसा किती टन, आणि हवेचं मोजमाप शेवटचं कधी झालं?

किती हवा हवी ते नियमातच आहे. कोळसा खाणीत माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा किंवा दिवसाच्या प्रत्येक टनामागे २.५, यातलं जास्त असेल ते. २५० माणसं आणि ९०० टन धरा. माणसांमागे १,५०० होतात, टनांमागे २,२५०. म्हणजे सेकंदाला ३७.५ घनमीटर, तेही कामाच्या जागी पोचलेले. दारांतून आणि स्टॉपिंगच्या, म्हणजे हवेची वाट अडवणाऱ्या भिंतींच्या, फटींतून वाटेत गळतं ते वेगळं. ६० टक्केच पोचत असेल तर पंख्याला ६२.५ ओढावे लागतात. म्हणून मी आधी फटी लिंपायला सांगते. कारण त्याच वाटेने हवा दुप्पट हवी असेल तर दाब चौपट लागतो आणि वीज आठपट.

आता दाब. सगळ्यांत लांबचं पॅनेल, म्हणजे कोळसा काढायचा खाणीचा भाग, सुरू झाल्यावर ६२.५ घनमीटरला ७८० पास्कल, म्हणजे साधारण ८० मिलिमीटर पाणी लागणार असेल, तर ७० टक्के कार्यक्षमतेने पंख्याच्या दांड्यावर ७० किलोवॅट होतात. ९० ची मोटर पुरते, १३२ ची गरज नाही.

पण सगळ्यांत जास्त वेळ द्या तो कर्व्हला, म्हणजे किती हवेला पंखा किती दाब देतो त्या आलेखाला. अ‍ॅक्शियल पंख्याच्या कर्व्हला एक शिखर असतं आणि त्याच्या डावीकडे स्टॉल, म्हणजे हवा पात्यांना धरून वाहत नाही ती अवस्था. चंद्रपूरकडच्या एका खाणीसाठी मी निवडलेला पंखा शिखराला फार खेटून होता. रिटर्नमध्ये, म्हणजे वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या वाटेत, छत कोसळलं, वाट अरुंद झाली. मी पोचले तेव्हा पंखा गुरगुरत होता, केसिंगवर तळवा ठेवला की ठोके लागत होते, आणि दाब दाखवणाऱ्या यू-नळीतलं रंगीत पाणी एका जागी थांबत नव्हतं. असे ठोके खाऊन पाती मुळाशी तडकतात. पात्यांचा कोन उतरवला, पंखा शांत झाला. पण खाली हवा कमी पडली आणि ढिगारा निघेपर्यंत दोन पॅनेलं बंद ठेवावी लागली. ती माणसं घरी बसली, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून निवडलेल्या कोनावर शिखराच्या ८० टक्क्यांपुढे दाब जाऊ देत नाही. आजची खाण आणि शेवटच्या पॅनेलची खाण, दोन्ही एकाच कर्व्हवर काढून घेते. आज पाती कमी कोनात लावायची, वाट लांबेल तसा कोन वाढवायचा.

आणखी एक, मुख्य पंख्याची हवा उलटी फिरवता आली पाहिजे. आग लागली तर त्यावर जीव अवलंबून असतात. उलट्या दिशेला अ‍ॅक्शियल पंखा कमी हवा देतो, तेव्हा तो आकडा कोटेशनमध्ये लिहून मागा आणि पंखा ताब्यात घेण्याआधी जागेवर उलटा चालवून मोजून घ्या.