अल्कोहोलमधल्या नमुन्याची चिठ्ठी टिकवायची कशी

बेडकासारख्या प्राण्याचा नमुना अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेल्या बरणीला बाहेरून चिकटवलेल्या लेबलावर विसंबू नका. डिंक सुटतो आणि ओघळलेलं अल्कोहोल अक्षरं धुऊन नेतं. खरी चिठ्ठी आत, नमुन्यासोबतच हवी. बाहेर हवं तर दुसरं लावा.

कागद शंभर टक्के सुती, आम्लरहित आणि जाडसर घ्या. साधा कागद द्रवात लिबलिबीत होतो.

आता शाई. सगळे इथेच चुकतात, मीही चुकलो. लेझर प्रिंटरवर सुबक चिठ्ठ्या छापून बरण्यांत टाकल्या आणि निर्धास्त राहिलो. वर्षभराने एक बरणी उचलली तर तळाशी काळी अक्षरं सुटी पडली होती. त्यातला एक ‘क’ बेडकाच्या पायाला चिकटला होता. चिठ्ठी मात्र कोरी. लेझरचा टोनर ही प्लॅस्टिकची पूड असते. ती कागदावर वितळून नुसती चिकटलेली असते, आत मुरत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये तिचे पापुद्रे निघतात.

‘परमनंट’ मार्कर तर अजिबात वापरू नका. तो पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो. बॉलपेनचंही तेच.

चालते ती काजळीच्या रंगद्रव्याची जलरोधक ड्रॉइंग इंक. तीही घाई केली तर दगा देते. लिहिल्यावर चिठ्ठी रात्रभर वाळू द्या. वरून कोरडी दिसणारी शाई आत ओली असू शकते. सकाळी ती ताटलीतल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये खळबळून घ्या, सुटी शाई तिथेच निघून जाईल. शाईची नवी बाटली उघडली की आधी एक चाचणीची चिठ्ठी आठवडाभर अल्कोहोलमध्ये ठेवा आणि बोटाने चोळून पाहा. जराही काळं लागलं, तर ती बाटली या कामाची नाही. नेहमीचीच शाई आहे म्हणून ही चाचणी टाळू नका.

एवढा वेळ नसेल तर सरळ एचबी पेन्सिलने दाबून लिहा. ग्राफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. रानात नमुने गोळा करताना मी दुसरं काही वापरतच नाही.

क्रमांक, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. महिना रोमन अंकात घाला: ५.iv.२०१९. नाहीतर पाच एप्रिल की चार मे, हा घोळ कायमचा राहतो.

मजकूर काचेकडे करून चिठ्ठी आत सोडा.

पुढे कधी नवी चिठ्ठी घातलीत, तरी जुनी काढून टाकू नका, फाटकी असली तरी. नकलून घेताना झालेली चूक फक्त तिच्यावरूनच पकडता येते.