घरातल्या वडीलधाऱ्यांचं इन्सुलिन दोघांनी मिळून कसं सांभाळावं

डॉक्टरांची चिठ्ठी, ग्लुकोमीटर आणि एक वही घरात आहे असं धरून चालते. औषधं आणणं, रोज तळपाय बघणं, ठरल्या वेळी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करवणं घरच्यांनी करावं. गोळ्यांची वेळ ज्याची त्याने पाळावी.

खरी अडचण इंजेक्शनची. ‘नीट दिसत नाही ना, मग तूच टोचत जा’ असं जो तो सांगतो. मला हे अजिबात पटत नाही. सुई हातातून गेली की पथ्याची जबाबदारीही जाते. मग सगळे शेतात गेले की डब्यातला गूळ कमी होऊ लागतो. हात थरथरत नसेल तोवर टोचणं त्यांच्याकडेच राहू द्या. डोस भरताना रेघ मात्र तुम्ही बघा आणि आकडा मोठ्याने म्हणा.

सिरिंज बाटलीवरचा आकडा बघूनच घ्या. यू-४० च्या बाटलीला लाल टोपणाची, यू-१०० ला केशरी. यू-१०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीच पट डोस जातो.

टोचल्याबरोबर वहीत खूण हवी. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या उभी रेघ ओढायच्या. रेघ नाही आणि कुणाला आठवतही नाही, अशा वेळी अंदाजाने दुसरा डोस कधीही देऊ नका. साखर मोजा आणि डॉक्टरांना विचारा.

जेवणाआधी अर्ध्या तासाचं इन्सुलिन असेल तर स्वयंपाक कुठवर आलाय ते बघूनच टोचायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विशेष जपा. माहेरवाशिणी आलेल्या, खापरावरच्या पुरणपोळ्या चाललेल्या, पंगत हमखास लांबते. इन्सुलिन घेणाऱ्यांचं ताट आधी वाढा, कुणी काही म्हणालं तरी. घाम, थरथर, बोलण्यात घोटाळा दिसला आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. उघडलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण २८ दिवस चालतात, पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तीही फ्रिजमध्येच ठेवावीत. फ्रिज नसेल तर कोरड्या डबीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवर नातवंडांकडून लिहून घ्या.