क्रेडिट कार्डाच्या वसुलीचा माणूस दारी आला तर

कार्डधारक मुंबईत नोकरीला आणि कार्डावरचा पत्ता मात्र दापोली किंवा राजापूरकडील घराचा, असे कोकणात अनेकदा असते; त्यामुळे वसुलीचा माणूस थेट म्हाताऱ्या आईवडिलांसमोर उभा राहतो. अशा वेळी पैसे देऊ नयेत आणि कशावरही सही करू नये. त्याचे ओळखपत्र व बँकेने दिलेले अधिकारपत्र पाहून नाव टिपून घ्यावे आणि बँकेच्या अधिकृत क्रमांकावर खातरजमा करावी.

त्यानंतर बँकेला लेखी पत्र पाठवून मूळ खर्च, व्याज आणि विलंब शुल्क यांचा वेगवेगळा तपशील व सर्व मासिक विवरणे मागावीत. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी, कारण पुढे तीच कामी येते. सिबिल या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यातील थकबाकी बँकेच्या आकड्यांशी ताडून पाहावी.

अशा कर्जासाठी बँकेने न्यायालयात दावा करण्याची मुदत साधारणतः 3 वर्षे असते. मात्र मुदतीत लेखी कबुली दिल्यास किंवा काही रक्कम भरून तशी सहीनिशी नोंद केल्यास ती नव्याने मोजली जाते, म्हणून जुन्या थकबाकीवर ‘थोडे तरी भरा’ हा आग्रह वकिलाला विचारल्याशिवाय मानू नये.

सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करण्यास, तसेच वाडीत चारचौघांत अपमान करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धमकी दिल्यास मात्र थेट पोलीस ठाणे गाठावे.