कीट्सच्या शेतात मका पेरू नका

एम.ए. इंग्रजीच्या भाषांतराच्या पेपरात दरवर्षी एक चूक हमखास भेटते, आणि ती इंग्रजी कच्चे असलेल्यांपेक्षा आपले इंग्रजी पक्के आहे अशी खात्री असलेल्यांकडूनच अधिक होते. शब्द ओळखीचा वाटला की ही मंडळी कोश उघडत नाहीत.

कीट्सच्या 1819 मधील नाइटिंगेलवरच्या कवितेत घराच्या ओढीने व्याकूळ झालेली बायबलातली रूथ 'एलियन कॉर्न'मध्ये रडत उभी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यात ती 'परग्रहावरील मक्यात' रडत होती. मी आधी हसलो आणि मग ओशाळलो, कारण विद्यार्थी असताना मीही तिला मक्यातच उभे केले होते. माझे शेत पृथ्वीवर होते, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेत कॉर्न म्हणजे मका, पण कीट्सच्या इंग्लंडात त्याचा अर्थ धान्य, त्यातही बहुधा गहू. मका मूळचा अमेरिका खंडातला आणि 1492 नंतरच बाकीच्या जगात पोचलेला, तेव्हा बायबलमधल्या बेथलेहेमात तो उगवणार कसा? मवाब देशातून आलेली रूथ तिथे परकी होती, म्हणून ते धान्यही 'एलियन', म्हणजे परके; आणि ती सातू व गव्हाच्या सुगीत कापणी करणाऱ्यांच्या मागून राहिलेली कणसे गोळा करीत होती. या कामाला मराठीत सरवा वेचणे म्हणतात, आणि मराठी बायबलातही रूथ सरवाच वेचते. हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "सर, आमची आजी ज्वारीच्या काढणीनंतर सरव्याला जायची." शब्द तिच्या घरातच होता, तो एम.ए.च्या पेपरात चालतो, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

माझी पद्धत जुन्या वळणाची आहे. कविता दोनदा मोठ्याने वाचल्यावर ज्या शब्दांविषयी मला शंकाच येत नाही, नेमक्या त्याच शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारतो आणि ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पाहतो, कारण तिथे प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणे दिलेली असतात. सुचलेला मराठी शब्द मग मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत उलटा तपासतो. एका कडव्याला तासभर सहज जातो. मोबाइलवर हेच काम दोन सेकंदांत होते, हे मला ठाऊक आहे. तो परग्रहही तिथूनच आला असावा, असा माझा संशय आहे.

शेक्सपिअरच्या ज्युलिएटचे 'वेअरफोर', म्हणजे 'का', याच जातीचे: रोमिओ कुठे आहे असे ती विचारत नाही, तो रोमिओच का आहे असे विचारते.

संस्कृतीच्या पेपरात जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या डार्सीचे वार्षिक 10,000 पौंड आजच्या दराने रुपयांत आणण्याचा उद्योग करू नये. 1813 च्या त्या कादंबरीतच मोजपट्टी दिलेली आहे: पाच मुलींचे वडील असलेल्या बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, आणि त्यांच्यामागे इस्टेट मुलींना न मिळता नात्यातल्या एका पुरुषाकडे जाणार. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मुलींच्या लग्नांसाठी धडपडणाऱ्या मिसेस बेनेटना केवळ मूर्ख ठरवून मोकळे होता येत नाही.

कवीच्या जन्म-मृत्यूच्या सनावळीने उत्तर सुरू करू नये. गाईड वाचायचेच असेल तर मूळ कादंबरी संपल्यावर वाचावे, म्हणजे बहुधा त्याची गरजच उरत नाही. वसाहतवादाचा मसाला प्रत्येक उत्तरावर भुरभुरू नये.

भाषांतर देण्यापूर्वी मूळ इंग्रजी बाजूला ठेवून नुसते मराठी घरात कोणाला तरी वाचून दाखवावे. आमच्याकडे हे काम आईकडे होते. तिला इंग्रजी येत नव्हते, आणि "असं कोण बोलतं रे?" असे तिने विचारले की ते वाक्य मी खोडत असे.