नवा ड्युअल-बँड राउटर, जुनी स्मार्ट उपकरणं : जोडताना या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग भागातल्या मराठी घरांत हे चित्र ओळखीचं आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला, आई-बाबा इथे. काही वर्षांपूर्वी दिवाळीला आलेल्या मुलानं गीझरला स्मार्ट प्लग लावून दिला, देवघरात रंग बदलणारा बल्ब, फाटकावर छोटा कॅमेरा. सगळं सुरळीत चाललं. मग फायबरचं नवं कनेक्शन घेतलं, त्याच्याबरोबर ड्युअल-बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालणारा राउटर आला, आणि त्या दिवसापासून ॲपमध्ये प्रत्येक वस्तूसमोर ‘ऑफलाइन’. फोनवर मुलगा म्हणतो, “बाबा, जुनं झालंय ते. टाकून द्या, मी नवं मागवतो.”

बाबांनी टाकू नये. बहुतेक वेळा उपकरणात काहीही बिघाड नसतो. जुना राउटर ज्या पद्धतीनं बोलत होता ती पद्धत नव्यानं बदललेली असते, आणि ती राउटरच्या सेटिंगमधून परत मिळवता येते.

कारण समजलं की पुढचं सोपं जातं. स्वस्त स्मार्ट बल्ब आणि प्लगच्या पोटात बहुधा एक छोटी वायफाय चिप असते. त्यातली फार गाजलेली म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ साली बाजारात आलेली ईएसपी८२६६. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिला दिसतच नाही, मग त्याला जोडलं जाणं दूरच. याला मी खोट मानत नाही. बल्बला ‘चालू हो, बंद हो’ एवढाच निरोप हवा असतो, त्याला सिनेमा बघायचा नसतो. शिवाय २.४ची लहर भिंतीपलीकडे जास्त पोचते. जुन्या इंदुरातल्या दीड-दीड फुटी भिंतींच्या घरात तर तीच उपयोगाची.

सगळ्यात महागात पडणारी चूक : वायफायचं जुनं नाव पुसून टाकणं

कनेक्शन लावायला आलेला मुलगा घाईत असतो. तो वायफायला स्वतःच्या मनानं नाव देतो, पासवर्ड म्हणून तुमचा मोबाइल नंबर टाकतो आणि निघतो. इथेच घरातली सगळी उपकरणं एका फटक्यात तुटतात, कारण प्रत्येकाच्या आठवणीत जुनं नाव आणि जुना पासवर्ड साठवलेला असतो.

उपाय इतका सोपा आहे की तो कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. नव्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. उपकरणं रीसेट करायची गरज नाही, ॲप उघडायचीही गरज नाही. थोड्या वेळात ती आपली आपण परत जोडली जातात, कारण त्यांच्या दृष्टीनं काही बदललेलंच नसतं.

फक्त ते अक्षरन् अक्षर तसंच हवं. कॅपिटल तिथे कॅपिटल, जागा सोडली असेल तर तीही. वायफायची गुप्त किल्ली नाव आणि पासवर्ड या दोन्हींतून मिळून तयार होते. त्यामुळे नावात एक मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी किल्ली वेगळी बनते.

जुना राउटर कंपनीनं परत नेला असेल आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर घरातले फोन बघा. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या बऱ्याच फोनवर साठवलेल्या नेटवर्कच्या यादीत ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोडखाली पासवर्ड लिहिलेला दिसतो. आयओएस १६ पासून आयफोनवरही जुन्या नेटवर्कचे पासवर्ड बघता येतात. काकूंच्या टॅबलेटमध्ये, बैठकीतल्या टीव्हीत, कुठे ना कुठे जुनं नाव तरी सापडतंच.

एक विनंती : ही खटपट होईपर्यंत कुठल्याही उपकरणाचं रीसेट बटण दाबू नका. लोक सुरुवातच तिथून करतात. रीसेट केल्यावर जुनं नाव-पासवर्ड जातं, आणि मग वरचा सोपा रस्ता कायमचा बंद होतो. रीसेट हा शेवटचा उपाय आहे.

दोन्ही बँडना एकच नाव

बरेच नवे राउटर ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ नावाची सोय सुरू ठेवूनच येतात. २.४ आणि ५ दोन्हींचं नाव एकच दिसतं, आणि कोणाला कुठे बसवायचं ते राउटर ठरवतो. फोन-लॅपटॉपसाठी ही सोय उत्तम आहे. जुना बल्ब नव्यानं जोडताना मात्र ती आडवी येते. फोन ५ वर बसलेला, बल्ब २.४ वर कान लावून, आणि फोननं पाठवलेला नाव-पासवर्डाचा निरोप बल्बपर्यंत पोचत नाही. ॲपमधला आकडा शंभर टक्क्यांकडे सरकत राहतो आणि शेवटी ‘फेल्ड’.

राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि तो लॉगिनसकट राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. वायरलेसच्या विभागात स्मार्ट कनेक्ट बंद करा. २.४ला जुनं नाव ठेवा, ५ला वेगळं द्या. वेगळं नाव देताना शेवटी ‘५जी’ लावायची पद्धत आहे. तिच्यामुळे ज्येष्ठ मंडळींचा हमखास गैरसमज होतो, म्हणून स्पष्ट सांगतो : राउटरवरचं ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. आणि ‘जास्त आकडा म्हणजे चांगलं’ असं समजून प्लगला तिथे जोडायचा प्रयत्न करू नये.

इंटरनेट कंपनीनं दिलेल्या काही राउटरमध्ये ही सोय बंदच करता येत नाही. तिथे दोन वाटा आहेत. गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर सुरू करता येतं का बघा. नाहीतर जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा आणि काम झालं की परत सुरू करा. सेटिंगला हातच लावायचा नसेल तर आणखी एक युक्ती आहे. फोन घेऊन राउटरपासून लांबच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे जा. ५ची लहर तिथे क्षीण होते, फोन आपणहून २.४ वर उतरतो, मग ॲपमधून जोडणी सुरू करा. जुन्या वाड्याच्या जाड भिंती इथे मदतीला येतात.

मराठीत ठेवलेलं वायफायचं नाव

हे आपल्याच घरांत होतं. नव्या राउटरला प्रेमानं देवाचं किंवा घराचं नाव देवनागरीत द्यायची इच्छा असते. वायफायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइट घेतं, आणि यात मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलंतसुद्धा वेगवेगळा मोजला जातो. ‘श्री स्वामी समर्थ’ एवढ्याचेच ४७ बाइट होतात, म्हणजे ते बसतच नाही. छोटं नाव बसलं आणि फोननं नीट दाखवलं, तरी जुन्या बल्बचं सॉफ्टवेअर अशा नावावर अडखळू शकतं. ५ गिगाहर्ट्झला ठेवा मराठी नाव, हौस तिथे पुरवा. २.४ला साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडेच बरे. पासवर्डमध्येही अवतरणचिन्हं, इमोजी नकोत.

सुरक्षेचं सेटिंग : फार नवंही नको, फार जुनंही नको

नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, बँडही बरोबर, तरी उपकरण जोडायला तयार नाही, असं झालं की मी आधी हेच बघतो. डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत २०१८ साली आली. त्याआधी बनलेला प्लग ती जाणत नाही. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर प्लग दारातच अडतो. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ असा पर्याय बऱ्याच वेळा चालतो. काही जुनी उपकरणं मात्र त्यालाही बिचकतात. अशा वेळी २.४ बँडपुरतं ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल, एईएस’ निवडा. जवळच ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असं लिहिलेलं दिसलं आणि ते ‘रिक्वायर्ड’ वर असलं, तर ‘ऑप्शनल’ करा. ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ खुशाल राहू द्या. फोनवरचे बँकेचे व्यवहार तिथूनच होऊ देत.

कोणी सांगेल, ‘पासवर्डच काढून टाका, लगेच जोडलं जाईल’, किंवा ‘डब्ल्यूईपी (ही फार जुनी सुरक्षापद्धत) लावा’. ऐकू नका. डब्ल्यूईपीचं कुलूप कित्येक वर्षांपूर्वीच फुटलेलं आहे. एका बल्बसाठी सगळं घर उघडं टाकायचं नाही.

परदेशातून आणलेली उपकरणं

मुलगी अमेरिकेतून येताना प्लग घेऊन आली असेल, तर आधी विजेचं बघा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. उपकरणावर ‘१००–२४०’ असं छापलेलं नसेल तर ते इथल्या बोर्डात लावूच नका. जळेल, आणि आग लागण्याचीही भीती आहे.

व्होल्टेज ठीक असेल तर दुसरी अडचण चॅनलची, म्हणजे बँडच्या आत पाडलेल्या छोट्या पट्ट्यांची. २.४ बँडवर आपल्याकडे १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं साधारणपणे १ ते ११ एवढेच ऐकतात. राउटर ‘ऑटो’ वर असला आणि त्यानं १२ किंवा १३ निवडला, की त्या उपकरणाला तुमचं वायफाय दिसत नाही. यात एक फसवी गोष्ट अशी की राउटर बंद-चालू केल्यावर तो दुसरा चॅनल निवडतो, सगळं जमतं, आणि काही दिवसांनी परत गायब होतं. लोक मग उपकरणाला दोष देतात. चॅनल हातानं १, ६ किंवा ११ करा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते, तिथे याचा फायदा सगळ्यांनाच होतो. आणि राउटर वायफाय ६ चा असेल व जुनं उपकरण तरीही हट्ट धरून बसलं असेल, तर २.४चा मोड ‘बी/जी/एन’ वर आणून बघा.

फोनकडून होणाऱ्या चुका

लोकेशन बंद असेल तर अँड्रॉइडवर ॲपला आजूबाजूची वायफाय नेटवर्कं शोधता येत नाहीत. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागितली जाते. तिथे चुकून ‘नको’ दाबलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती द्या. व्हीपीएन असेल तर तेवढ्यापुरतं बंद. उपकरणावरचा दिवा भराभर लुकलुकत असताना जोडणी होत नसेल, तर बऱ्याच उपकरणांत बटण पुन्हा दाबून धरल्यावर तो सावकाश लुकलुकायला लागतो. या पद्धतीत उपकरण स्वतःचंच छोटं वायफाय तयार करतं आणि फोन त्याला जोडायचा असतो. त्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे फोन मधेच मोबाइल डेटाकडे पळतो, म्हणून डेटा आधीच बंद करा. माझ्या अनुभवात हट्टी उपकरणं याच रस्त्यानं जास्त जोडली जातात.

एका घरात दोन राउटर

फायबर कंपनीचा डबा खालच्या मजल्यावर, आणि महाराणी रोडवरून आणलेला आपला राउटर वरच्या मजल्यावर. दोघेही आपापलं वेगळं नेटवर्क चालवतात. फोन एकावर, प्लग दुसऱ्यावर, मग ॲपला तो जवळ असूनही सापडत नाही. वरचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे घरात नेटवर्क एकच राहील. गेस्ट नेटवर्कवरही असाच त्रास होतो, कारण तिथली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी मुद्दाम व्यवस्था असते. बल्बला ते चालतं, त्याचा निरोप इंटरनेटवरून येतो. फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायचं असेल तर मात्र दोघं एकाच नेटवर्कवर हवेत.

नर्मदेच्या नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर असते, आणि तिचा स्मार्ट स्विच पत्र्याच्या पेटीत बंद केलेला असतो. पत्रा वायफाय अडवतो. पेटी प्लास्टिकची करा. आणि मोटर सुरू होतानाचा करंट चालतानाच्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, तेव्हा साध्या १० अँपिअरच्या प्लगवर तिला लावू नका. इलेक्ट्रिशियनकडून मधे कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा स्विच) बसवून घ्या. राउटरही लोखंडी कपाटामागे किंवा मायक्रोवेव्हशेजारी नको. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

उन्हाळ्यात लाईट जाऊन आली की बल्ब लगेच जागा होतो, राउटरला मात्र काही मिनिटं लागतात. काही जुनी उपकरणं तेवढ्यात शोध सोडून देतात. राउटरला छोटा यूपीएस लावला तर ही रोजची कटकट संपते.

हे सगळं करूनही जमलं नाही तर

मग ॲप बघा. ॲप दुकानातून गायब झालं असेल किंवा लॉगिनच होत नसेल, तर कंपनीनं आपला सर्व्हर बंद केलेला असण्याची शक्यता आहे. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या हबचं, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या यंत्राचं, असंच झालं. धडधाकट यंत्रं एका निर्णयानं निकामी झाली. तिथे राउटरच्या सेटिंगनं काही होणार नाही. अशी वस्तू सुक्या कचऱ्यात टाकू नका. इंदूरच्या कचरागाडीला इ-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात द्या.

जुन्या कॅमेऱ्याचा विचार मात्र बल्बपेक्षा वेगळा करा. तो परत जोडला गेला तरी ॲपमध्ये त्याचा फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट शेवटचा कधी आला ते बघा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. तो गेस्ट नेटवर्कवर ठेवा. अपडेट येणं कधीच बंद झालं असेल तर निदान घराच्या आतल्या खोल्यांतून तो काढा. फाटकाकडे तोंड करून राहिला तर चालेल.