पंचांगावरून मुहूर्त स्वतः कसा काढावा

हल्ली हॉल आधी बुक होतो आणि मग त्या तारखेला मुहूर्त आहे का, हे गुरुजींना विचारले जाते. हा क्रम उलटा आहे. आधी काम कोणते ते ठरवायचे, मग महिना, मग दिवस आणि शेवटी घटका. या क्रमाने गेलात तर गृहप्रवेश, दुकानाचा प्रारंभ, करारावरची सही अशा कामांचा मुहूर्त घरचे पंचांग समोर ठेवून तुम्हाला स्वतः काढता येतो. लग्न आणि मुंजीचा मुहूर्त मात्र जाणकाराकडून तपासून घ्याच. तिथे पत्रिका, गुरुबळ (गुरू ग्रहाची अनुकूलता) आणि इतर अनेक दोष पाहावे लागतात.

तयारी

ज्याच्या नावाने काम होणार आहे त्याची जन्मरास आणि जन्मनक्षत्र लिहून ठेवा. गृहप्रवेशासाठी पती-पत्नी दोघांचीही घ्या. पंचांग कोणतेही वापरा, पण एकच वापरा. दाते आणि टिळक पंचांगांचे अयनांश (राशी-नक्षत्रांची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारे अंश) वेगळे असल्यामुळे नक्षत्र बदलण्याच्या वेळेत दोन्हींत काही तासांचा फरक पडतो. जन्मनक्षत्र एका पद्धतीचे आणि दिवसाचे नक्षत्र दुसऱ्या पद्धतीचे घेतले, तर पुढची सगळी मोजणी चुकते.

तिथी, नक्षत्र, योग आणि करण (अर्धी तिथी) संपण्याची घड्याळी वेळ भारतभर एकच असते. लग्न (इथे विवाह नव्हे, तर त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास), राहुकाळ (रोजचा एक वर्ज्य काळ) आणि अभिजित मुहूर्त (भर दुपारचा) मात्र गावागणिक बदलतात, कारण ते सूर्योदयावर आणि गावाच्या रेखांशावर अवलंबून आहेत. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे वीस ते तीस मिनिटे आधी उगवतो. मुंबईची लग्नाची वेळ नागपुरात वापरू नका.

प्रारंभाचा क्षण ठरवा

मुहूर्त एका क्षणाला लागतो, दिवसभराच्या समारंभाला नाही. विवाहात तो मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याचा क्षण, गृहप्रवेशात उंबरा ओलांडण्याचा, व्यवहारात सहीचा. हे आधीच ठरले नसेल तर पुढे मिनिटांचा हिशोब करण्यात अर्थ उरत नाही. निमंत्रणपत्रिकेवर १२ वाजून २५ मिनिटे छापायची आणि अक्षता एक वाजता टाकायच्या, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. एवढ्या विचाराने काढलेली वेळ पाळायचीच नसेल, तर ती काढायची कशाला?

महिना आणि पक्ष

मोठ्या मंगलकार्यांना अधिक महिना, पितृपक्ष आणि गुरू-शुक्रांचा अस्त (ते सूर्याजवळ असल्यामुळे दिसेनासे होण्याचा काळ) वर्ज्य मानतात. गुरूचा अस्त साधारण महिनाभर असतो. शुक्राचा अस्त कधी आठवड्याभराचा, तर कधी सुमारे दोन महिन्यांचा असतो. चातुर्मासात परंपरेने विवाह टाळतात. गृहप्रवेशासाठी माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे महिने उत्तम सांगितले आहेत. भाड्याच्या घरात राहायला जाणे, वाहन घेणे अशा कामांसाठी एवढे काटेकोर राहू नये. तिथे दिवस चांगला पाहिला तरी पुरते.

दिवसाची चाळणी

प्रत्येक पक्षातल्या चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी. त्या आणि अमावास्या सोडा. व्यतिपात आणि वैधृती हे योग ज्या वेळेत असतील ती वेळही सोडा. मग विष्टी करण, म्हणजे भद्रा, पाहा. शुक्ल पक्षात चतुर्थी आणि एकादशीच्या उत्तरार्धात, तर अष्टमी आणि पौर्णिमेच्या पूर्वार्धात भद्रा असते. कृष्ण पक्षात तृतीया आणि दशमीचा उत्तरार्ध, सप्तमी आणि चतुर्दशीचा पूर्वार्ध हे तिचे ठिकाण. भद्रेमुळे सगळा दिवस बाद होत नाही, ती संपली की वेळ मोकळी होते.

पंचांगात २६.४० अशी वेळ दिसली तर गोंधळू नका. ती मध्यरात्रीनंतरची २ वाजून ४० मिनिटे आहेत.

नक्षत्र कामाला साजेसे हवे

या शास्त्राचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच. इथे नक्षत्रांवर सरसकट चांगले-वाईट असा शिक्का मारलेला नाही, त्यांचे स्वभाव सांगितले आहेत. रोहिणी आणि तिन्ही उत्तरा ही ध्रुव नक्षत्रे: पाया, घर, जे टिकायला हवे ते यांवर सुरू करावे. पुनर्वसू, स्वाती, श्रवण, धनिष्ठा, शततारका ही चर नक्षत्रे, प्रवासाला आणि वाहनाला अनुकूल. अश्विनी, पुष्य, हस्त ही क्षिप्र: खरेदी-विक्री, दुकान, विद्या. मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही मृदू: स्नेहाची, कलेची, मंगलकार्याची. तीन पूर्वा, भरणी आणि मघा उग्र, तर आर्द्रा, आश्लेषा, ज्येष्ठा आणि मूळ तीक्ष्ण. कृत्तिका आणि विशाखा मिश्र. उग्र-तीक्ष्ण म्हणजे टाकाऊ असेही नाही: विवाहाच्या नक्षत्रांत मघा आणि मूळ ही दोन्ही आहेत.

गृहप्रवेशाला ध्रुव आणि मृदू नक्षत्रे घ्यावीत, रविवार आणि मंगळवार टाळावेत.

तो दिवस तुमचा आहे का?

कॅलेंडरमध्ये छापलेला शुभ दिवस सर्वांना सारखा नसतो. त्यासाठी दोन मोजण्या करायच्या.

पहिले चंद्रबळ. जन्मराशीपासून त्या वेळच्या चंद्रराशीपर्यंत मोजा, जन्मरास एक धरून. १, ३, ६, ७, १० आणि ११ वा चंद्र शुभ. २, ५, ९ वा शुक्ल पक्षात चालतो. ४, ८, १२ वा टाळा.

दुसरे ताराबळ. जन्मनक्षत्रापासून दिवसनक्षत्रापर्यंत मोजा, जन्मनक्षत्र धरून. आकडा नऊपेक्षा मोठा आला तर नवाने भागून बाकी घ्या. येणारा आकडा म्हणजे तुमची तारा, बाकी शून्य म्हणजे नववी तारा. ३ विपत्, ५ प्रत्यरी आणि ७ वध या तारा सोडा.

समजा, घरमालकाचे नक्षत्र रोहिणी, रास वृषभ. अनुराधा नक्षत्र गृहप्रवेशाला चांगले आणि वृश्चिकेचा चंद्र त्याला सातवा, म्हणजे चंद्रबळही आहे. पण रोहिणीपासून अनुराधा चौदावे, बाकी ५, प्रत्यरी तारा. हा दिवस त्याच्यासाठी नाही. आता उत्तरा फाल्गुनी घ्या. रोहिणीपासून ते नववे, परममैत्र तारा. मात्र या नक्षत्राचा पहिला चरण (नक्षत्राचा चौथा हिस्सा) सिंहेत आहे आणि सिंहेचा चंद्र त्याला चौथा. एका चरणाला चंद्राला साधारण सहा तास लागतात. तेवढे थांबून चंद्र कन्येत गेला की तो पाचवा होतो आणि पक्ष शुक्ल असेल तर वेळ जमून येते.

घटका

दिवसभरात बाराही राशी एकामागोमाग उदय पावतात, प्रत्येक सुमारे दोन तास. घरासाठी स्थिर लग्न घ्या: वृषभ, सिंह, वृश्चिक किंवा कुंभ. प्रवासाला चर लग्न चालते: मेष, कर्क, तूळ, मकर. मुहूर्तलग्नाचे आठवे स्थान (लग्नरास एक धरून आठवी रास) रिकामे, म्हणजे ग्रह नसलेले असावे, आणि लग्नरास जन्मराशीपासून आठवी नसावी. गुरू किंवा शुक्र केंद्रात, म्हणजे १, ४, ७, १० यांपैकी कुठेही असेल तर फारच उत्तम.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा वैशाख शुद्ध एकादशी आहे, चंद्र पहाटे कन्येत गेला आहे आणि भद्रा सकाळी दहाच्या सुमारास संपते आहे. सूर्योदयाला सूर्याच्याच राशीचे लग्न असते; सूर्य मेषेत असल्यामुळे त्यापुढचे वृषभ लग्न सकाळी लवकरच, भद्रेतच निघून जाते. पुढचे स्थिर लग्न सिंह, ते दुपारी येते. सिंहेचे आठवे स्थान मीन. तिथे ग्रह नाही ना, हे पाहा. राहुकाळही वगळा: सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ भाग केले की सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा आणि रविवारी आठवा भाग राहुकाळाचा.

असे निर्दोष लग्न जमतच नसेल तर अभिजित मुहूर्त घ्यावा. दिनमानाच्या मध्याभोवतीची सुमारे ४८ मिनिटे म्हणजे अभिजित. बुधवारी तो घेत नाहीत. घड्याळातले बारा आणि दिवसाचा मध्य एकच असतो असे नाही, म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळांवरून तो काढा.

सर्वगुणसंपन्न वेळ शोधत महिनोन्‌महिने थांबू नका. भद्रा नाही, नक्षत्र कामाचे, चंद्रबळ आणि ताराबळ आहे, आठवे स्थान रिकामे आहे, इतके जुळले की घ्या. आणि शस्त्रक्रियेची किंवा उपचाराची वेळ डॉक्टर सांगतील तीच. तिथे पंचांग उघडायला थांबू नये.

वेळ ठरली की घरच्यांना एकच मिनिट सांगू नका, 'अमुक ते अमुक' अशी मर्यादा सांगा. सिंह लग्नाच्या दोन तासांतली सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटे सोडून मधला भाग निवडा. पूजा आधी सुरू करा, म्हणजे उंबरा ओलांडताना कुणाला घाई होणार नाही.