एन्लार्जरचं छिद्र किती उघडं ठेवायचं?

एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर) काढलेली प्रिंट काळी आली की आपण आधी सेकंद कमी करतो, मग लेन्सचं छिद्र बंद करतो, मग पुन्हा सेकंद वाढवतो. अर्धं पाकीट संपतं, पण कशामुळे काय झालं ते उमगत नाही. कागदाचे आजचे भाव बघता हा खेळ परवडत नाही. म्हणून छिद्र एकदा ठरवायचं, आणि रोजची घासाघीस फक्त सेकंदांशी करायची.

त्याआधी विजेचं बघा. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो, म्हणजे अर्धा स्टॉप गेलाच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजेड पिवळाही होतो आणि मल्टिग्रेड (उजेडाच्या रंगानुसार कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या) कागदाचा कॉन्ट्रास्ट पडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात शेजारी लेथ आणि वेल्डिंग चालू असेल तर रात्री उशिराच बसावं. फ्रिजचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं उडी मारतो; त्यापेक्षा व्होल्टेज सलग सावरणारा सर्व्हो स्टॅबिलायझर बरा.

१. ३५ मिमी निगेटिव्हला ५० मिमी लेन्स, ६×६ ला ७५ किंवा ८०. छिद्र पूर्ण उघडून ग्रेन फोकसरनं (फिल्मचे कण मोठे दाखवणाऱ्या भिंगानं) फोकस करा. मग दोन स्टॉप बंद करा: २.८ ची लेन्स ५.६ वर, ४ ची ८ वर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). अंधारात आकडे दिसत नाहीत, पण बहुतेक लेन्सना खटका असतो. पूर्ण उघड्यापासून खटके मोजायचे (काही लेन्स अर्ध्या स्टॉपलाही खटका देतात, ते उजेडात आधी तपासा). बंद केल्यावर फोकस पुन्हा एकदा पाहा, काही लेन्सचा तो किंचित सरकतो.

दोनच स्टॉप का? पूर्ण उघड्या छिद्राला कडा मऊ येतात आणि कोपऱ्यांत उजेड कमी पोचतो. १६ किंवा २२ वर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो, त्यामुळे) सगळीच प्रिंट मऊ पडते. फोकस नीट असेल तर जास्त बंद करून काहीच हाती लागत नाही.

२. आता टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळे सेकंद दिलेली कागदाची चाचणी पट्टी. पाच-पाच सेकंदांच्या समान पट्ट्या फसवतात: ५ वरून १० वर जाताना पूर्ण स्टॉप वाढतो, २५ वरून ३० वर जाताना जेमतेम पाव. त्याऐवजी पूर्ण पट्टीला ५ सेकंद द्या. मग कार्डानं एकेक भाग झाकत २, ३, ४, ६, ८ सेकंद वाढवा. पट्ट्यांवर ५, ७, १०, १४, २०, २८ सेकंद पडतात आणि दर पट्टीत अर्ध्या स्टॉपचा फरक राहतो. दिवा मध्ये बंद करू नका. फिलामेंट तापायला वेळ लागतो आणि २ सेकंदांतला बराच उजेड त्यातच जातो. दिवा चालू ठेवून कार्ड सरकवा. सेकंद मोजायला फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक तालाची टकटक) छान, पण फोन दाराबाहेर ठेवा. आवाज आत येतो, स्क्रीनचा उजेड येत नाही.

पट्टी डेव्हलपरमधून (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणातून) लवकर उचलू नका. मे महिन्यात नळाचं पाणी २० अंशांच्या बरंच वर असतं आणि पट्टी झटकन काळी होते. ट्रे बर्फ घातलेल्या मोठ्या परातीत ठेवा. नाहीतर पट्टी एक सांगेल आणि प्रिंट दुसरंच.

३. छिद्राला पुन्हा हात लावायचा तो वेळ आवाक्याबाहेर गेली तरच. साधारण १० ते ३० सेकंदांत काम बसावं. गंगावेशीतल्या तालमीत खिडकीच्या उजेडात घेतलेली पातळ (फिकट) निगेटिव्ह ८ वर ५ सेकंदांत होत असेल, तर ११ वर जा, १० सेकंद मिळतील. डॉजिंग करायला (एखादा भाग थोडा वेळ झाकून उजळ ठेवायला) हात हलवण्याइतकी तरी उसंत हवी. उलट भर दुपारी रंकाळ्यावर काढलेली, आभाळाच्या जागी गडद काळी झालेली निगेटिव्ह ८ वर मिनीटभर मागत असेल तर ५.६ वर ३० सेकंद. जास्त वेळ तापलं की फिल्म फुगते आणि फोकस जातो. तरीही ते आभाळ कोरं राहील. तिथे बर्निंग करा, म्हणजे फक्त त्या भागाला जादा उजेड द्या. मूळ वेळ १६ सेकंद असेल तर एक स्टॉप म्हणजे आणखी १६, अर्धा स्टॉप म्हणजे साडेसहा.

४. प्रिंट मोठी केली की उजेड पसरतो. मोठेपणाच्या पटीत १ मिळवा, नव्याला जुन्यानं भागा, आलेल्याचा वर्ग करा. ५ पटीवरून ७ पटीवर गेलात तर ८ भागिले ६, त्याचा वर्ग सुमारे १.८, म्हणजे १२ सेकंदांचे २१. इथे छिद्र उघडायचा मोह होतो, पण २१ सेकंद काही फार नाहीत.

५. इलफर्ड कंपनीचे, कॉन्ट्रास्ट बदलणारे मल्टिग्रेड फिल्टर ०० पासून साडेतीनपर्यंत एकाच वेळेत चालतात. ४ पासून पुढे वेळ दुप्पट करा किंवा एक स्टॉप उघडा.

फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) वाळल्यावर थोडा गडद होतो. त्यामुळे ओल्या प्रिंटमध्ये पैलवानाचा पांढरा लंगोट अगदी बरोबर दिसला, तर पुढच्या प्रतीला वेळ ५ ते १० टक्के कमी द्या.